जिप्सीचं इंजिन बदललं, आता उरलेल्या व्हॅक्यूम लाईन्स कुणाच्या ते शोधतोय : कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

इंजिन बसलं एकदाचं. काल रात्री साडेनऊला माउंटिंगचा शेवटचा बोल्ट टाईट केला आणि मामा चहा घेऊन घरी गेले (मामा म्हणजे वडगावचे गॅरेजवाले, आख्खा रस्ता त्यांना मामाच म्हणतो). आज सकाळी एकटाच शेडमध्ये गेलो, बॉनेट वर करून स्टूलवर बसलो आणि पहिल्यांदा शांतपणे मोजलं. बॉडीच्या बाजूने पाईपांची नऊ तोंडं उघडी आहेत (व्हॅक्यूम लाईन म्हणजे इंजिन हवा आत ओढतं ती ओढ इतर भागांपर्यंत नेणारा पाईप). नऊ! काही रबरी, काही लोखंडी, दोन नुसतीच प्लास्टिकची निपल, म्हणजे पाईप चढवायची छोटी तोंडं. आणि नव्या इंजिनवर स्वतःची वेगळी निपल आहेत, त्यांच्यावरचे पाईप भंगारवाल्याने कटरने कापलेले, त्यामुळे कुठला पाईप कुठे जात होता याचा काही पुरावा नाही.

गाडीची माहिती आधी देतो म्हणजे पुढचं कळेल. १९९८ ची जिप्सी किंग, बाबांनी नवी घेतलेली. जिप्सी आली १९८५ ला ९७० सीसीच्या इंजिनावर, १९९६ ला १३०० सीसीची किंग आली पण कार्बोरेटरवाली, आठ व्हॉल्व्ह, ६० बीएचपी. २००० साली कंपनीने स्वतःच तिच्यात सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) टाकलं, ८० बीएचपी. आमचं जुनं इंजिन दुसऱ्यांदा हेड गॅस्केट उडून ब्लॉकपर्यंत खराब झालं तेव्हा ठरवलं की बसवायचं तर तेच, एमपीएफआय जिप्सीचंच, वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि टाकीसकट. गिअरबॉक्सला सरळ बसतं, त्यामुळे यांत्रिक काम आठवड्यात झालं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो कारण लोक ती शेवटी करतात आणि मग अडकतात. आरटीओची परवानगी आम्ही इंजिन उतरवायच्या आधी काढली. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ आहे, इंजिन बदललं की ते आरसीवर चढवावं लागतं, नाहीतर इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी हात वर करणार. जुन्या इंजिनाचं आणि दात्या गाडीचं सगळं बिल-कागद जपून ठेवलंय.

मामांचं म्हणणं, "अहो, यातलं अर्धं कार्बोरेटरचं आहे, बूच मारून टाका, गाडी पळेल." मामांचा हात सोन्याचा आहे, पण हे मला पटलं नाही. अर्धं कार्बोरेटरचं असेलही, पण कुठलं अर्धं?

८ जानेवारी, बुधवार

ऑफिसहून आल्यावर दोन तास. पोरीला हाताशी घेतलं, तिने मास्किंग टेपवर मार्करने आकडे लिहिले, मी चिकटवले. बॉडीकडच्यांना १ ते ९, इंजिनकडच्यांना क, ख, ग. फोटो काढले सगळ्या बाजूंनी. हे जुनं इंजिन उतरवताना करायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते केलं नाही म्हणून आता पुढचा महिना यात जाणार. काही देशांत बॉनेटच्या आत व्हॅक्यूम पाईपांच्या नकाशाचा स्टिकर असतो, माझ्या गाडीत तसलं काही नाही.

पद्धत अशी ठरवली की मोकळं निपल दिसलं म्हणून जवळचा पाईप त्याच्यात खुपसायचा नाही. आधी पाईपाचं दुसरं टोक शोधायचं, तिथे काय आहे ते बघायचं, त्याला व्हॅक्यूम लागतं का, किती लागतं, कधी लागतं, आणि मग इंजिनवर त्याची जागा. म्हणजे मागणारा आधी, देणारा नंतर.

१ नंबर सोपा. अंगठ्याएवढा जाड रबरी पाईप, ब्रेक बूस्टरच्या डब्यातून (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा) येतो, मध्ये वन-वे व्हॉल्व्ह. याला मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचं) थेट, पूर्ण व्हॅक्यूम लागतं आणि तेही स्वतंत्र जाड निपलवरून, बारीक पाईपातून टी (तीन तोंडांचा जोड) मारून चालत नाही. व्हॉल्व्ह काढून तोंडाने तपासला, बूस्टरकडून इंजिनकडे हवा जाते, उलटी येत नाही. चांगला आहे. पाईप मात्र क्लिपपाशी तडकलेला, तो बदलणार. ब्रेकच्या बाबतीत "चालतंय की अजून" हा शब्द मला ऐकायचाच नाही.

१२ जानेवारी, रविवार

२, ३ आणि ४. चॅसीवरून मागून पुढे येणाऱ्या तीन लोखंडी नळ्या. हे व्हॅक्यूम नाही, पण उघड्या तोंडांत हेच सगळ्यात धोक्याचं. एक पेट्रोल पुढे आणणारी, एक उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी, एक टाकीतली वाफ चारकोल कॅनिस्टरमध्ये नेणारी. जाड नळी म्हणजे सप्लाय, त्यात शंका नाही. तिच्यात आतून गंज होता म्हणून ती नवीन केली, कारण कार्बोरेटरला पेट्रोल जवळपास बिनदाबाचं लागायचं आणि आता टाकीतला पंप तीन बारच्या आसपास दाब देणार. रबरी तुकडेही इंजेक्शनवाल्या ग्रेडचे, म्हणजे एसएई जे३० आर९, घेतले. साधा पेट्रोल पाईप इथे लावायचा नाही, लावला तर आज ना उद्या गरम एक्झॉस्टवर फवारा उडेल.

प्रश्न उरला ३ आणि ४ चा, दोन्ही सारख्याच जाडीच्या. बॅटरी सोडवलेली, शेडचं दार उघडं, फायर एक्स्टिंग्विशर बाजूला, आणि सायकलचा हातपंप घेऊन एकेका नळीत हवा मारली. ३ मध्ये हवा आरामात गेली. ४ मध्ये पंप जड लागला. म्हटलं रिटर्नचं टोक पेट्रोलमध्ये बुडालेलं असणार म्हणून जड, म्हणजे ४ रिटर्न आणि ३ वाफेची. तसं जोडलं. (हे चुकलं होतं. २६ तारखेची नोंद बघा, इथलं मुद्दाम खोडत नाही.)

५ आणि ६ कॅनिस्टरची दोन निपल. काळा डबा, आत ॲक्टिव्हेटेड कोळसा. डब्यावर चिखल होता, घासल्यावर टँक (टाकीकडचं) आणि पर्ज (इंजिनकडचं) अशी अक्षरं दिसली. खालून एक तोंड मोकळ्या हवेला उघडं असतं, त्याला बूच मारायचं नसतं. गाडी उभी असताना टाकीतली वाफ कोळशात अडकते आणि गाडी चालताना इंजिन खालच्या तोंडातून हवा ओढत ती वाफ पिऊन टाकतं. हा डबा "प्रदूषणवाल्यांचं लफडं" म्हणून फेकून देणारे खूप आहेत. फेकला की दोनच गोष्टी होतात. वाफेची नळी उघडी ठेवली तर घरभर पेट्रोलचा वास, आणि बंद केली तर टाकीला श्वास घ्यायला जागा राहत नाही, पेट्रोल कमी होईल तसा आत व्हॅक्यूम होतो आणि चढावर गाडी आचके देते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. संध्याकाळी तिळगूळ घ्यायला बाबांकडे गेलो तेव्हा ९ नंबरचा विषय काढला. हा एक अगदी बारीक पाईप, फायरवॉलमधल्या रबरी ग्रोमेटमधून केबिनमध्ये जातो आणि डॅशबोर्डच्या मागे नुसताच लोंबतो, त्याच्या टोकाला काहीच नाही. आठवडाभर मला हाच खात होता. एसीचा म्हणावा तर त्या बाजूला नाही, फोर-व्हीलचा म्हणावा तर जिप्सीचा लिव्हर सरळ हाताचा. मोबाईलवर फोटो दाखवला. बाबांनी चष्मा वर करून बघितला आणि लगेच म्हणाले, "अरे तो माझ्या ॲव्हरेजच्या काट्याचा पाईप. त्याला मी लाल दोरा बांधला होता बघ."

दोरा आहे. मी तो घाण समजून पुसायला निघालो होतो.

तर गोष्ट अशी की त्या काळी काही लोक डॅशबोर्डवर व्हॅक्यूम गेज बसवायचे, हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेला. काटा हिरव्यात ठेवून गाडी चालवली की पेट्रोल कमी लागतं असा हिशोब. हिशोब खरा आहे, पाय हलका असला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जास्त आणि पाय दाबला की कमी. बाबांनी तो घेतल्या वर्षीच लावला होता, नंतर कधीतरी काच धूसर झाली म्हणून काढून ठेवला. कुठे ठेवला? "माळ्यावर असेल." माळ्यावर काय नाही!

१९ जानेवारी, रविवार

आज इंजिनची बाजू. बोहरी आळीतून बारीक क्लिपा आणि टी आणले, नाना पेठेतून पाईप. दुकानदार निळा सिलिकॉनचा पाईप घ्या म्हणत होता, दिसतोही छान आणि उष्णताही सोसतो. पण सिलिकॉन पेट्रोलच्या वाफेत आणि तेलात फुगतो, मऊ पडतो. त्यामुळे तो फक्त मॅप सेन्सरला (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), जिथे नुसती हवा. पर्ज लाईनला पेट्रोल ग्रेडचा काळा रबरी, आणि पीसीव्हीला (इंजिनच्या पोटातला धूर ओढून घेणारा व्हॉल्व्ह) तेल सोसणारा मोल्डेड पाईपच हवा, कारण साधा पाईप वळणावर दबतो आणि व्हॅक्यूमने चिकटून बंद होतो.

थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणारं हवेचं पातं असतं तो भाग) खाली शेजारी शेजारी दोन निपल आहेत आणि ती बघून कुणालाही वाटेल व्हॅक्यूमची आहेत. एकात फुंकर मारली तर दुसऱ्यातून बाहेर, मॅनिफोल्डशी संबंधच नाही. ती कूलंटची. गरम पाणी थ्रॉटल बॉडीतून फिरवायला. तिथे व्हॅक्यूम पाईप लावला असता तर कूलंट कुठेही गेलं असतं. फुंकर मारून बघणं हे सगळ्यात स्वस्त टेस्टिंग आहे, फक्त तोंडाऐवजी पाईपाचा तुकडा लावून करा.

मॅप सेन्सर फायरवॉलवर, सेन्सर वर आणि निपल खाली असा, म्हणजे पाईपात ओल किंवा पेट्रोलची वाफ थंड झाली तर ती खाली मॅनिफोल्डकडे परत ओघळते. त्याचा पाईप स्वतंत्र, मध्ये एकही टी नाही. एमपीएफआयमध्ये हाच पाईप सगळ्यात महत्त्वाचा, कारण किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू मुख्यतः याच्यावरून ठरवतो. पुढे फ्युएल रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब सांभाळणारा), त्याला मॅनिफोल्डवरून बारीक पाईप. तो काढून वास घेतला, पेट्रोलचा वास नाही, म्हणजे आतला पडदा शाबूत.

पीसीव्हीबद्दल दोन ओळी जास्त. टॅपेट कव्हरवरून एक पाईप व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डला जातो आणि दुसरा थ्रॉटलच्या आधी, एअर फिल्टरच्या बाजूला. पहिला क्रँककेसमधला धूर ओढतो, दुसऱ्यातून ताजी हवा आत येते. मामांच्याच गॅरेजला एक गाडी आलेली, कुणीतरी दोन्हींना बूच मारलेलं, आत दाब साठून मागच्या ऑइल सीलमधून तेल गळत होतं आणि मालकाने दोनदा सील बदललेलं.

आता जुन्या गाडीतलं काय खरंच रिटायर झालं? डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्स, चोकचा डायफ्राम, कार्बोरेटरच्या दुसऱ्या बॅरलचा डायफ्राम. हे सगळं जुन्या इंजिनबरोबरच गेलं, टायमिंग आता ईसीयू बघतो. मामा म्हणाले ते अर्धं हेच, फक्त ते बॉडीवर उरलंच नव्हतं. बॉडीवर उरलेल्यांतलं रिटायर होणार ते फक्त ७ आणि ८, बाहेरून बसवलेल्या एसीच्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची) निपल. एसी लावला की तो सोलेनॉइड व्हॅक्यूम सोडायचा आणि डायफ्राम कार्बोरेटरचा लिव्हर ओढून रेस वाढवायचा. आता ते काम आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह करणार, पण त्यासाठी एसी चालू झाल्याची वायर ईसीयूपर्यंत न्यावी लागेल.

संध्याकाळी स्टार्टर मारला. दुसऱ्या सेल्फला घेतलं! पोरीने टाळ्या वाजवल्या. पण रेस खाली येईना. गरम झाल्यावर ८५०च्या आसपास यायला हवी, १४००-१५०० वर अडकली.

पर्जचं निपल मी अजून बोट लावून बघितलं नव्हतं, ते आता चालू इंजिनवर बघितलं. स्लोवर ओढत नाही, थोडी रेस दिली की बोट चिकटतं. म्हणजे हे थ्रॉटलच्या पात्याच्या जरा वर असलेलं निपल. पातं बंद असताना ते बाहेरच्या हवेत, पातं उघडलं की व्हॅक्यूममध्ये. मॅनिफोल्डचं निपल बरोबर उलटं, स्लोवर सगळ्यात जोरात ओढतं. हा फरक बोटाला कळतो, त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही, आणि हा एक कळला की अर्ध्या पाईपांचा प्रश्न सुटतो.

२२ जानेवारी, बुधवार

जुन्या बाजारात चक्कर. पर्जचा सोलेनॉइड आमच्या वायरिंगला कनेक्टर होता पण वस्तू नव्हती. सापडला. तिथेच बॅटरीवर टिकटिक करून घेतला, फुंकर मारून घेतला, करंट नसताना बंद, दिल्यावर उघडा. पर्ज लाईन जोडली, कॅनिस्टर ते सोलेनॉइड ते थ्रॉटल बॉडी.

२६ जानेवारी, रविवार

काल पहिल्यांदा तीस लिटर पेट्रोल भरून आणलं, आतापर्यंत दोन-तीन लिटरवरच काम चाललं होतं. दुपारी गाडी उन्हात उभी होती. आज सकाळी शेड उघडली तर वासाने डोकं धरलं. बॅटरी सोडली, दार सताड उघडं, पोरीला घरात पाठवलं. गळती कुठेच दिसेना. मग कॅनिस्टरला हात लावला, हलला नाही. सोडवून हातात घेतला तर वीट उचलल्यासारखा जड. वाकडा केला, खालच्या तोंडातून पेट्रोलची धार.

बसून विचार केला. कोळशाच्या डब्यात वाफ यायला हवी, आलं पेट्रोल, म्हणजे त्याला जोडलेल्या नळीचं टाकीतलं टोक पेट्रोलच्या खाली आहे. म्हणजे ३ ही वाफेची नळी नाहीच, ती रिटर्न. उन्हाने टाकीत दाब झाला आणि त्याने पेट्रोल वर ढकललं. मग १२ तारखेला ३ हलकी का लागली? कारण टाकी रिकामी होती, टोक हवेतच होतं. आणि ४ जड का? वाफेच्या नळीला टाकीजवळ दोन्ही बाजूंनी थोड्या दाबावर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, तो मी विसरलो. त्याच व्हॉल्व्हमधून मी आठवडाभर रिटर्नचं पेट्रोल परत ढकलत होतो. फ्युएल प्रेशर स्लोवर ३.४ बार दिसत होता आणि मी गेजलाच दोष देत होतो.

या वेळी टाकीचं झाकण काढून ठेवलं, पोरगी तोंडाला कान लावून पण नाक रुमालाने झाकून उभी, आणि मी पुढून हातपंप मारला. ३ मध्ये मारल्यावर ती ओरडली, "बाबा, गुडगुड!" ४ मध्ये नुसतं फुस्स. एवढंच करायचं होतं, पण भरलेल्या टाकीवर.

नळ्या बदलल्या. प्रेशर आता स्लोवर २.३, रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाईप काढला की २.९. पेट्रोलमध्ये भिजलेला कोळसा परत भरवशाचा राहत नाही म्हणून कॅनिस्टर दुसरा घेतला. रेस मात्र अजून १४००च.

२ फेब्रुवारी, रविवार

रेसच्या मागे आख्खा दिवस. कार्बोरेटरवाल्या इंजिनला कुठून हवा शिरली की मिक्स्चर पातळ होतं आणि ते लंगडायला लागतं. हे मॅपवालं इंजिन तसं वागत नाही. शिरलेल्या हवेने मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, तो मॅप सेन्सरला दिसतो, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोलही वाढवतो आणि इंजिन मजेत जास्त रेसवर फिरत बसतं. जुन्याला लीक झालं की ते बसतं, याला लीक झालं की धावतं. म्हणून मिसिंग नाही, आवाज गोड, आणि तरी लीक.

एकेक पाईप फडक्यात धरून पक्कडीने दाबला. बूस्टर, काही फरक नाही. पीसीव्ही, किंचित उतरली, तेवढी उतरणारच. पर्ज, काही नाही. साबणाचं पाणी गॅस्केटच्या कडेने, इंजेक्टरच्या रबरांवर, सगळीकडे मारलं, कुठेच आवाज बदलला नाही. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारायला मामा सांगत होते, पण तापलेल्या एक्झॉस्टच्या वर तो मी मारणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

काल माळ्यावर बाबांचा काटा सापडला. बिस्किटाच्या जुन्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. काच पॉलिश केली, तोंडाने ओढून बघितलं, काटा सरकतो. ९ नंबरचा पाईप कडक झाला होता, त्याच मापाचा नवा टाकला, लाल दोरा सोडवून त्याच्यावर बांधला.

आता हा लावायचा कुठे? मॅनिफोल्डवर मागच्या बाजूला, फायरवॉलकडे, एक बारीक निपल आहे ज्यावर भंगारातूनच रबरी टोपी आली होती. ती काढली, पाईप लावला, इंजिन चालू केलं. काटा बघायला केबिनमध्ये वाकलो तोवर कानाला कळलं. रेस खाली. ८५०.

मला दोन मिनिटं कळेचना. पाईप काढला, टोपी लावली, १४००. टोपी काढली, पाईप लावला, ८५०. टोपी उजेडात नेली. वरून नवीकोरी दिसते, चकचकीत काळी. खालच्या बाजूला, जिथे ती निपलच्या गळ्याला बसते, तिथे नखाने दाबलं तर केसाएवढी चीर ओठासारखी उघडली. इंजिन बंद असताना ती मिटलेली, तापल्यावर आणि ओढ लागल्यावर उघडणारी. साबणाचं पाणी वरून पडत होतं आणि चीर होती खाली.

बूच मारलेली तोंडं पण पाईपांइतकीच तपासायला हवीत, हे माझ्या यादीत नव्हतंच. बाकीच्या दोन टोप्याही फेकल्या, नव्या टाकल्या आणि वरून क्लिप.

काटा साडेसतरा इंच (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात), अजिबात न थरथरता. पुस्तकात १७ ते २१ लिहिलेलं असतं पण ते समुद्रसपाटीचं. आपलं पुणं साधारण ५६० मीटरवर, आणि दर हजार फुटांना अंदाजे एक इंच कमी धरायचा, म्हणजे इथले साडेसतरा हे मुंबईत साडेएकोणीस दिसले असते. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ती टोपी ठेवा, पोरांना दाखवायचीय."

१५ फेब्रुवारी, शनिवार

ब्रेक पुन्हा तपासला. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारलं, दाबून धरलं, सेल्फ मारला, पेडल पायाखाली हलकेच उतरलं. बूस्टर ठीक. एसीची वायर ईसीयूला दिली, एसी लावल्यावर रेस आपोआप सावरते. ७ आणि ८ म्हणजे जुना सोलेनॉइड काढून लेबलसकट डब्यात ठेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या शिवजयंतीची गर्दी असणार म्हणून आजच सुट्टी टाकून पहाटे बाबांना घेऊन सिंहगड. खडकवासल्यापर्यंत काटा हिरव्यात. घाट सुरू झाला आणि दुसऱ्या गिअरवर पाय पूर्ण दिला की काटा शून्याकडे झोपतो, पाय सोडला की उठतो. बाबा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. "तेव्हा इथे हिला दम लागायचा," एवढंच म्हणाले.

वर पार्किंगला गाडी स्लोवर ठेवली. गड १३१२ मीटर, हवा विरळ, घरी निघताना साडेसतरा दाखवणारा काटा पंधराच्या रेघेवर. हिशोबाने तेवढाच यायला हवा होता. रेस ८५०ची ८५०. बाबांनी काचेवर बोटाने टकटक केलं, काटा हलला नाही. उतरताना इंजिन ब्रेकिंगवर तो विसाच्या आसपास जाऊन बसला, आणि ब्रेक प्रत्येक वळणावर सारखाच लागला.

राहिलेलं काम : जुन्या सोलेनॉइडची पट्टी कापायची आहे, आरसीवर नवा इंजिन नंबर चढून आला की त्याची झेरॉक्स गाडीत ठेवायची, आणि सगळ्या लाईन्सचा नकाशा पोरगी काढतेय, तो लॅमिनेट करून बॉनेटच्या आत चिकटवायचा.